तोल कसा ठेवलास?

मी मासे खात नाही. नाशिकला आमच्या घरी अंडंसुद्धा कागदात गुंडाळून मागच्या दारानं आलं होतं, आणि तेही डॉक्टरांनी भावाला खायला सांगितलं म्हणून. त्या घरातली मुलगी न्यू जर्सीत एका तळ्याकाठच्या दुकानात बसून माशांना फसवायची खेळणी दुरुस्त करते, हे माझ्या आईला शेवटपर्यंत नीट समजावता आलं नाही. ती शेजारीपाजारी सांगायची, "आमची माधवी तिकडे खेळण्यांच्या दुकानात आहे." मी ते कधी खोडून काढलं नाही.

इथल्या मराठी मंडळातही फार वेगळं नव्हतं. "तुम्ही कुठे असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. मी "टॅकल शॉपमध्ये", म्हणजे मासे पकडायच्या सामानाच्या दुकानात, म्हटलं की समोरचा "ओह, नाइस!" म्हणून माझ्या नवऱ्याकडे वळायचा. नवरा आयटीत. त्याच्याशी बोलायला विषय आयता मिळायचा. त्यामुळे यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला लिहायला सांगितलं, तेव्हा वाटलं, बरं झालं, एकदाच काय ते सगळ्यांना सांगून टाकू.

आम्ही वेस्ट विंडसरला आलो तेव्हा माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरीला बंदी. नवऱ्यानं सकाळची ट्रेन पकडायची आणि मी घरात बसून भिंतींकडे बघायचं. नाशिकला मी विजेचे रिले बनवणाऱ्या कारखान्यात कॉइल गुंडाळायचं काम करत होते. केसासारखी तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटलेला. इथे त्या बोटांना पोळ्यांपलीकडे काम उरलं नाही. पुढे ग्रीन कार्ड आलं. त्याच उन्हाळ्यात नवऱ्याच्या ऑफिसची पिकनिक एका तळ्यावर होती. मी पाण्याची बाटली घ्यायला काठावरच्या दुकानात शिरले, तर आत मालक फ्रँक एका हुकाला बारीक तार गुंडाळत होता आणि जमत नाही म्हणून हुकाला शिव्या घालत होता. त्याची बोटं म्हणजे चांगली राजेळी केळी. मला राहवलं नाही. "गिव्ह मी," म्हटलं. त्यानं दिलं. पिकनिकवाले मला शोधत आले तेव्हा माझ्यासमोर गुंडाळलेल्या हुकांचा ढीग होता आणि फ्रँक मला कॉफी आणून देत होता. पुढच्या आठवड्यापासून मी तिथे कामाला लागले.

आता धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इकडे बास नावाचा मासा असतो. तोंड हे एवढं, डोकं गरम, आणि पोट भरलेलं असलं तरी समोरून कुणी ऐटीत गेलं की त्याला सहन होत नाही. लोक त्याला पकडतात, खालच्या ओठाला धरून फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. एकदा एका मुलाचे वडील मालवणहून आले होते. मुलानं चांगला दणदणीत बास काढला आणि सोडला. बाबा धक्क्यावर डोक्याला हात लावून उभे. "सोडलंस? अरे, मग पकडलंस कशाला?" मुलगा म्हणाला, "बाबा, इट्स अ स्पोर्ट." बाबा माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि संध्याकाळपर्यंत मुलाशी बोलले नाहीत. मला म्हणाले, "तुम्हीच सांगा." मी तर मासा खातच नाही म्हटल्यावर ते माझ्याशीही बोलेनासे झाले.

या बासला फसवायच्या खेळण्यांपैकी एक म्हणजे क्रँकबेट. अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा पोकळ मासा. पोटात छर्रे असतात, त्यामुळे हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे तीन-तीन टोकांचे हुक. तोंडापुढे जिभेसारखी पारदर्शक पट्टी. दोरी ओढली की ती पट्टी पाणी कापते आणि क्रँकबेट डोकं खाली घालून, अंग हलवत खोल जातं. ओढायचं थांबलं की आपोआप वर येतं. पट्टी लांब तर खोल जाणार, आखूड तर उथळ. चौकोनी असेल तर बुडालेल्या लाकडावर आपटून बाजूला उडी मारते आणि अडकत नाही.

कारखान्यातून येतात तेव्हा सगळी जुळी दिसतात, पण पोहायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एखादं सरळ यायचं सोडून एकाच बाजूला पळतं. मग नाकावरची दोरी बांधायची कडी पकडीनं उलट बाजूला वाकवायची, आणि तीही इतकीच की वाकवली हे डोळ्याला दिसू नये. धक्क्यावरून टाकायचं, बघायचं, परत वाकवायचं. आणखी एक. लोकांना वाटतं हुक फक्त मासा अडकवायला असतात. ते वजनही असतं. ढकलली तरी उठून उभी राहणारी बाहुली असते ना, तिच्या बुडाशी जड असतं म्हणून ती उभी राहते. क्रँकबेटचं बुड म्हणजे त्याचे हुक. हुक जड झाले तर चाल सुस्तावते, हलके झाले तर ते पिसाटतं. माझी निम्मी नोकरी हा तोल सांभाळण्यात गेली.

गिऱ्हाइकं सगळ्या प्रकारची. एका शनिवारी पुण्याची दोन मुलं आली. नवी गाडी, नव्या टोप्या. "काकू, बेस्ट रॉड कुठला?"

"कशासाठी?"

"म्हणजे ओव्हरऑल बेस्ट. रिव्ह्यूजमध्ये टॉप असलेला."

मी त्यांना समजावलं की क्रँकबेटला नरम रॉड लागतो. मासा तोंड मारतो तेव्हा आपण दचकून झटका देतो. रॉड कडक असेल तर त्या झटक्यानं हुक त्याच्या तोंडातून निघून येतो. नरम रॉड आधी वाकतो आणि माशाला तोंड मिटायला अवधी देतो. रीळसुद्धा हळू फिरणारं घ्यावं.

"म्हणजे काकू, सगळं स्लो घ्यायचं? मग मजा काय यार?" त्यांनी दुकानातला सगळ्यात कडक आणि महागडा रॉड उचलला आणि त्याच संध्याकाळी मला माशाचा फोटो दाखवायला आले. माशाला माझं म्हणणं ठाऊक नव्हतं.

कर्णिक काकांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते भांडायलाच आले होते. स्टीलच्या डबीत मीच ट्यून केलेलं क्रँकबेट होतं. ते काउंटरवर ठेवून त्यांनी फ्रँकला इंग्रजीत विचारलं, हे कुणी बिघडवलं? फ्रँकनं माझ्याकडे बोट केलं. मी खाली मान घालून पुटपुटले, "आले मोठे शहाणे."

"शहाणा तर आहेच," ते मराठीत म्हणाले, "पण हे डावीकडे पळतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आम्ही दोघं धक्क्यावर गेलो आणि जेवायची वेळ होईपर्यंत भांडलो. ते खरंच डावीकडे पळत होतं. पण फक्त काका ओढायचे तेव्हा, कारण त्यांचा मनगटाला हिसका द्यायचा स्वभाव होता. हे त्यांनी मान्य केलं नाही. मीही कडी किंचित जास्त वाकली होती हे मान्य केलं नाही. तिथून आमचं जमलं.

काका एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. काकूंबरोबर प्रिन्स्टन जंक्शनजवळ राहायचे. मुलगी रेवा इथेच जन्मलेली, आता तिकडे पश्चिम किनाऱ्यावर सांता क्लाराला नोकरीला. काका जातीचे मासेखाऊ. काकू आयसेलिनला भाजी-किराणा भरायला गेल्या की येताना पापलेट आणायच्या, आणि त्याचं वर्णन मला शाकाहारी असूनही सोमवारी ऐकावं लागायचं. पण बास त्यांनी एकही घरी नेला नाही. "तो खायचा मासा नाही गं," म्हणायचे. "तो गप्पा मारायचा मासा."

त्यांचा रॉड जुना, फायबरग्लासचा, चहाच्या रंगाचा झालेला. फ्रँकनं कितीदा नवा देऊ केला, पण ते तो बदलायला तयार नव्हते. त्या नरम रॉडमधून त्यांना खालचं सगळं कळायचं. "आता चिखल. आता गवत. आता लाकूड, बघ, आपटलं." डोळे मिटून सांगायचे. मी एखादं क्रँकबेट दुरुस्त करून हातात दिलं की आधी कानाशी नेऊन हलवायचे. दुरुस्त करताना डिंक आत गेला तर छर्रे चिकटतात आणि आवाज बसतो. आवाज मोकळा आला की काका मान हलवायचे आणि म्हणायचे, "चल, टाकून बघू." पास झाल्याची पावती हीच. याहून जास्त कौतुक त्यांनी एक वेळ सोडता कधी केलं नाही. आणि मला दुसऱ्या कुणाचं कौतुक त्याहून मोठं वाटलं नाही, हेही इथे सांगून टाकते.

मग काका विसरायला लागले. आधी सगळेच विसरतात तसं. नंतर सकाळी ट्यून करून नेलेलं क्रँकबेट दुपारी परत आणायचे, "हे जरा बघ गं, बरेच दिवस बघितलं नाहीस." मी बघायचे. न वाकवता पकड फिरवायचे आणि परत द्यायचे. ते कानाशी हलवायचे, "चल, टाकून बघू," म्हणायचे, आणि आम्ही जायचो.

काका विसरायला लागल्यापासून काकूच दर शनिवारी त्यांना गाडीतून तळ्यावर आणायच्या. एका दिवशी, शनिवार नसताना, काकू एकट्याच आल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकू एरवी दारातूनच हाक मारत येणाऱ्या. त्या दिवशी आल्या आणि पर्स धरून उभ्या राहिल्या.

"माधवी, ह्यांनी परवा अंगठ्यात हुक घुसवून घेतला. आणि घुसलाय हे विसरून हात ओढला. इमर्जन्सीत न्यावं लागलं."

त्या हुकाला मागे वळलेला काटा असतो. आत सहज जातो, बाहेर येताना मांस घेऊन येतो.

"डॉक्टर म्हणाले, आता हे वाढतच जाणार. रेवा फोनवर ओरडली माझ्यावर. 'मॉम, नो मोअर फिशिंग, दॅट्स इट.' तिचं बरोबर आहे गं. पण हे बंद केलं ना, तर ते खिडकीशी बसून राहतील. मी बघितलंय, पावसात दोन दिवस घरी राहिले तरी कसे होतात. माणूस माझ्यासमोर विझत जाईल." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी आवाजात म्हणाल्या, "तू हुक काढून टाकू शकतेस का? सगळ्यांचे? त्यांना न कळता?"

फ्रँक मागून ऐकत होता. मराठी कळत नसलं तरी त्याला रडणं कळलं. काकू गेल्यावर मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क हिम?"

मला हसूच आलं. काय सांगू त्याला? आमच्यात आजारी माणसाला सोडून बाकी सगळ्या जगाला सांगतात. माझ्या वडिलांना काय झालं होतं हे आमच्या दूधवाल्याला माहीत होतं, वडिलांना नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्यासमोर हसत बसायचो, ह्यालाच माया म्हणायचं असं आम्हाला शिकवलेलं. मी फ्रँकला एवढंच म्हटलं, "वी डोन्ट आस्क." तो खांदे उडवून गेला.

काम मात्र सोपं नव्हतं. पहिल्या क्रँकबेटचे हुक काढून ते धक्क्यावरून टाकलं, तर पाण्यात आडवंच झालं आणि ओढल्यावर गिरक्या घेत वर आलं. बुडच काढून घेतलेलं, करणार काय? मग हुक तसेच ठेवून फक्त टोकं कापली. आता ते उभं राहिलं, पण असं थरथरायला लागलं की काकांच्या त्या रॉडमधून त्यांना पहिल्या फेकीतच कळलं असतं. लाकूड आणि गवत डोळे मिटून ओळखणारा माणूस तो. नावं विसरेल, हे विसरणार नाही.

मग मी टोकं कापलेल्या हुकाच्या दांड्यावर सोल्डरची, म्हणजे डाग द्यायला वापरतात ती मऊ, जड, बारीक तार गुंडाळायला लागले. वेढ्याला वेढा चिकटून, नाशिकला गुंडाळायचे तशी. थोडी गुंडाळायची, धक्क्यावर जाऊन टाकायचं, परत येऊन एखादा वेढा कमी करायचा. पोटाखालच्या हुकावर थोडी जास्त, शेपटीच्या हुकावर कमी. एक क्रँकबेट मनासारखं पोहायला लागलं तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच लाज वाटली, की मी हे कशात आनंद मानते आहे. वरून तार दिसू नये म्हणून पांढरी पिसं बांधली. पिसांनी पाणी अडतं, म्हणून परत तार कमी केली. काकूंनी काकांची पेटी गुपचूप आणून दिली आणि मी एकेक करून सगळी तशी केली.

शनिवारी काकांनी पिसं बघितली. "हे काय? नटवलंस कशाला ह्याला?"

"नवीन फॅशन आहे काका."

"भिकार आहे." त्यांनी कानाशी नेऊन हलवलं. आवाज मोकळा होता. "चल, टाकून बघू."

त्यांनी टाकलं. मी शेजारी उभी. काकू गाडीत, काच खाली करून. काकांनी हळूहळू रीळ फिरवलं, डोळे मिटले. "चिखल," म्हणाले. "गवत. आलं लाकूड." आणि काही वेळानं, "बरं पोहतंय."

असे बरेच शनिवार गेले. बास धडक द्यायचे, रॉड वाकायचा, काकांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा, मासा सुटायचा. "गेला लेकाचा," म्हणायचे आणि परत टाकायचे. मासा मिळत नाही याचं त्यांना वाईट वाटलं नाही. एकच अडचण होती. क्रँकबेट पाण्यातून काढलं की गंजू नये म्हणून रुमालानं हुक पुसायची त्यांची सवय. हात लागला असता तर कळलंच असतं. म्हणून मी घाईनं म्हणायचे, "द्या काका, मी पुसते." गाडीशी गेले की काकू हळूच विचारायच्या, "कळलं नाही ना?" मी मान हलवायचे. आम्हा दोघींना फार काहीतरी छान जमवल्यासारखं वाटायचं.

आणि मग एका सकाळी एका बासनं क्रँकबेट तोंडात धरलं आणि सोडलंच नाही.

होतं असं कधीकधी. हुक लागलेला नसतो, मासा रागानं तोंड मिटून बसतो आणि तसाच ओढला येतो. काकांचा रॉड इतका नरम की त्यानं माशाला सोडायची आठवणही करून दिली नाही. मासा धक्क्यापर्यंत आला. काका गुडघ्यावर बसले, जुन्या सफाईनं त्याच्या खालच्या ओठाला धरून वर उचलला. तेवढ्यात माशानं तोंड उघडलं आणि क्रँकबेट टपकन फळीवर पडलं. काकांच्या दुसऱ्या हातात पकड होती, हुक काढायला. ते माशाच्या तोंडात बघायला लागले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.

"मी काढला का गं हुक?"

मी फळीवरचं क्रँकबेट उचललं.

"काढलाच असणार," ते म्हणाले. "काढला आणि विसरलो. आत्ता, एवढ्यात विसरलो." त्यांनी मासा पाण्यात सोडला. मग ते आपल्या हातांकडे बघायला लागले. "हे इतकं झालंय का माझं? खरं सांग. हिला विचारलं तर ती सांगत नाही."

मी खूप माणसांना रडताना बघितलंय, पण एखादा माणूस स्वतःच्या हातांकडे असा संशयानं बघतो, ते बघवत नाही. आम्ही जे वाचवायला हे सगळं केलं, तेच आम्ही त्यांच्याकडून काढून घेत होतो. "हो काका, काढलात," एवढं म्हटलं असतं की वेळ निभावली असती. काकू गाडीतून बघत होत्या.

"नाही काका. तुम्ही विसरला नाहीत. हुक नव्हताच. टोकं मी कापली आहेत." मग मी अंगठ्याचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, काकूंचं सांगितलं. खाली बसून, क्रँकबेट त्यांच्या तळव्यावर ठेवून.

त्यांनी अंगठ्यावरच्या व्रणाकडे बघितलं. मग पिसं बोटानं बाजूला केली. मला वाटलं आता उठतील आणि जातील, परत येणार नाहीत. तळ्यावर एक कासव डोकं काढून बसलं होतं, मी त्याच्याकडे बघत बसले.

"टोकं कापली म्हणजे वजन गेलं," काका म्हणाले. "मग तोल कसा ठेवलास?"

त्यांनी चष्मा वर करून क्रँकबेट डोळ्यांशी धरलं. "तार? सोल्डर आहे का ही?"

"हो."

"पुढे जास्त, मागे कमी?"

"हो काका. आणि पिसांनी पाणी अडतं म्हणून नंतर तार थोडी काढली."

"हं." त्यांनी नखानं वेढे चाचपले. "गुंडाळलंयस मात्र छान." पहिलं आणि शेवटचं कौतुक. मग गाडीकडे न बघता हळूच म्हणाले, "हिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तिला वाटू दे."

त्या दिवशी गाडीशी काकूंनी विचारलं, "कळलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही."

पुढच्या शनिवारी काका हे सगळं विसरले होते. पण आता मी त्यांनाच हुक पुसू द्यायचे. पुसता पुसता त्यांची बोटं थांबायची, चेहरा उतरायचा, "हुक कुठे गेले? मी कापले का?" आणि मी पहिल्यापासून सांगायचे. दर वेळी तो एक क्षण यायचा. ते अंगठ्याकडे बघत राहायचे. आणि दर वेळी ते त्यातून बाहेर यायचे, वर बघायचे आणि म्हणायचे, "मग तोल कसा ठेवलास?" तो प्रश्न आला की मला कळायचं, काका अजून आहेत. मी तार, वेढे, पुढे जास्त मागे कमी, सगळं सांगायचे. दर वेळी नव्यानं खूश व्हायचे. दर वेळी म्हणायचे, हिला सांगू नकोस. शनिवारची मी किती वाट बघायचे हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आता हे वाचून कळेल.

पानगळ सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. काकांनी क्रँकबेट पाण्यातून काढलं, रुमालानं पुसलं. बोटं पिसांवरून फिरली, कापलेल्या टोकांवरून फिरली, थांबली नाहीत. पुसून झाल्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि "थँक यू," म्हणाले, दुकानातल्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं. मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, अजून विचारतील. काकूंनी गाडीचं दार उघडलं आणि ते जाऊन बसले.

हिवाळ्यात रेवा येऊन दोघांना सांता क्लाराला घेऊन गेली. घर विकलं. रॉड फ्रँककडे ठेवला, तिकडे जागा नाही म्हणून. पेटीतलं एक क्रँकबेट मी काकांच्या कोटाच्या खिशात टाकलं. नंतर फ्रँकनंही दुकान विकलं. आता तिथे कयाक नावाच्या होड्या भाड्यानं मिळतात. माझी पकड आणि सोल्डरची रिळं मी घरी आणली आहेत आणि स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांशेजारी ठेवली आहेत. नवरा विचारतो, हे इथे कशाला? मी सांगते, असू दे.

या उन्हाळ्यात रेवाचा फोन आला. "मावशी, डॅड डझन्ट टॉक एनीमोअर. ही जस्ट होल्ड्स धिस थिंग ऑल डे. मी आधी घाबरले, पण देअर आर नो हुक्स. डिड समवन ब्रेक इट?"

"नाही गं. मी कापले. काकूंनी सांगितलं नाही तुला?"

"नो. नोबडी टेल्स मी एनीथिंग इन धिस फॅमिली." मग म्हणाली, "ही कीप्स टर्निंग इट ओव्हर अँड ओव्हर. व्हॉट इज ही लुकिंग फॉर?"

मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाशी धर.

काय बोलायचं याचा मी विचार केला होता. ऐन वेळी काही आठवलं नाही. "काका, मी माधवी. तळ्यावरची." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी वाट बघितली. त्यांनी विचारावं याची बघितली तेवढी वाट मी दुसऱ्या कशाचीच बघितलेली नाही. मग त्यांनी न विचारताच मी सांगायला लागले. टोकं कापली म्हणून वजन गेलं, म्हणून तार गुंडाळली, सोल्डरची, वेढ्याला वेढा चिकटून, पुढे जास्त, मागे कमी. पिसांनी पाणी अडतं म्हणून नंतर तार थोडी काढली. सगळं सांगितलं. संपलं तरी श्वासच.

आणि मग फोनमध्ये, अगदी जवळ, छर्रे वाजले. कानाशी धरून हलवल्यासारखे. आवाज मोकळा होता.

यापुढचं वाक्य त्यांचं असायचं. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्याची वाट बघितली. ते आलं नाही. छर्रे परत वाजले, या वेळी जरा जोरात, मी ऐकते आहे की नाही हे बघितल्यासारखे. म्हणून मग मीच म्हटलं,

"चला काका, टाकून बघू."